अठ्ठेचाळीस किलोंची शर्यत

माझं स्वतःचं वजन वाढवायला मला कधी कष्ट पडले नाहीत. शेजारी कोणी जेवत असलं आणि मी नुसता सोबतीला बसलो तरी पाव किलो अंगाला लागतं. माझ्या शर्टांची बटणं बायको दर दोन महिन्यांनी अर्धा इंच सरकवून लावते आणि तोंडातून एक अक्षर काढत नाही, हा तिचा मोठेपणा. त्यामुळे गुरुवारी डॉक्टर जेव्हा म्हणाले की तुमच्या भावाचं वजन सेहेचाळीस किलो चारशे ग्रॅम आहे, ते सोमवारपर्यंत अठ्ठेचाळीस करून आणा, तेव्हा मी चक्क हसलो. एक किलो सहाशे ग्रॅम. म्हटलं, आमच्या घरात एवढं तर ताटात उरतं.

डॉक्टर हसले नाहीत. पोटातली गाठ काढायला पाच-सहा तासांची भूल लागणार होती, आणि चार दिवसांत एवढंसं वजन ज्या शरीराला धरता येत नाही ते शरीर ती भूल सोसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अठ्ठेचाळीस भरले तर सोमवारीच दाखल करून घेऊ. नाही भरले तर, असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढली. घरी येईपर्यंत ते वाक्य आमच्या तिघांपैकी कोणीच पूर्ण केलं नाही.

तिघं म्हणजे मी, बायको आणि दादा. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, मग मला त्यानेच वाढवलं. त्या कामात त्याने कुठेही कसूर केली नाही हे माझ्याकडे बघून कोणीही सांगेल. स्वतःचं लग्न मात्र करायचं राहून गेलं. चौतीस वर्षं तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून कोरलेलं वजन, स्प्रिंग ताणलेला काटा, सगळं त्याला नुसत्या नजरेने कळायचं. बाजारातून तो सहज फिरायला निघाला तरी दुकानदार उठून उभे राहायचे आणि आमच्या पिशवीत भाजी नेहमी जरा जास्तच पडायची. ती जास्तीची भाजी दादा परत करायचा. लहानपणी मला या गोष्टीची फार लाज वाटायची, कारण परत करायला तो मला पाठवायचा.

आम्हा दोघांना व्यसन एकच, घोड्यांच्या शर्यतींचं. शनिवारी रेसबुक आणायचं, दिवसभर अभ्यास करायचा आणि रविवारी रेसकोर्सवर जाऊन हरून यायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मी घोड्याचा रुबाब बघतो, कान बघतो, जॉकीच्या चेहऱ्यावर सकाळी बायकोशी भांडण झाल्याची खूण आहे का ते बघतो. दादा फक्त वजन बघतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हँडीकॅपच्या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन लादतात आणि सुमार घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात. माझ्या ऑफिसातही हीच पद्धत आहे, फक्त तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही. जॉकी हलका असेल तर खोगिराच्या कप्प्यात शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. दादाचा सिद्धान्त असा, की सगळ्यात कमी वजन असलेल्या घोड्यावर लावावं. शेवटच्या दोनशे मीटरला दम त्यालाच उरतो. या सिद्धान्ताच्या जोरावर आम्ही तीस वर्षं नेमाने हरत आलो आहोत.

शुक्रवारी मी ऑफिसात सोमवारच्या रजेचा अर्ज दिला. कारण या रकान्यात खरं तेच लिहिलं, ‘भावाचे वजन करणे’. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि वजन करायला आख्खा दिवस लागतो का म्हणून विचारलं. मग म्हणाले, वजन करणे हे कारण रजेच्या नियमांत कुठेच बसत नाही; वैद्यकीय म्हणायचं तर सर्टिफिकेट जोडा. सर्टिफिकेट सोमवारी वजन झाल्याशिवाय मिळणार नाही आणि रजा मिळाल्याशिवाय वजन होणार नाही, हे मी बावीस वर्षांच्या नोकरीत साठवलेल्या सगळ्या संयमाने त्यांना समजावून सांगितलं. शेवटी ‘घरगुती अडचण’ असं लिहा म्हणाले. लिहिलं. पण मला ते लिहिताना वाईट वाटलं. अडचण म्हणजे नळ गळतो ती. दादा अडचण कधीपासून झाला?

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली आणि सल्ल्यांची रीघ लागली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त व्यायामशिक्षक म्हणाले, दर दोन तासांनी दोन केळी आणि पेलाभर दूध, शिट्टी वाजल्यासारखं वेळेवर. कोपऱ्यावरच्या केमिस्टने एक पावडरीचा डबा दिला, त्यावर दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा एक उघडा इसम होता. तो इसम बघून दादाचं उरलंसुरलं जेवणही गेलं. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी उकडलेल्या बटाट्यांवर लोणी घालून द्या म्हणून सांगितलं. त्यांच्या भाच्याचं वजन एका महिन्यात अकरा किलोंनी वाढलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की त्याने सिगरेट सोडली होती. दादा सिगरेट ओढत नाही, म्हणजे आधी सुरू करावी लागेल, असं मी म्हटलं, तर मावशी खरोखर विचारात पडल्या आणि सोमवारपर्यंत दोन्ही जमेल का म्हणाल्या.

बायकोने सगळ्यांचं सगळं केलं. दादा प्रत्येक गोष्टीचे दोन घास घ्यायचा, तिला वाईट वाटू नये म्हणून छान झालंय म्हणायचा आणि ताट हळूच माझ्याकडे सरकवायचा. अन्न टाकायचं नाही, ही त्याचीच शिकवण. मी प्रत्येक ताट संपवत होतो. एवढ्या दुःखात मी आयुष्यात कधी जेवलो नव्हतो.

शनिवारी सकाळी व्यायामशिक्षक आपला घरचा वजनकाटा बगलेत मारून आले. दादाला त्यावर उभं केलं. आकडे थोडे इकडेतिकडे नाचले आणि थांबले. सत्तेचाळीस किलो सहाशे. दोन दिवसांत एक किलो दोनशे! बायको मटकन खुर्चीत बसली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. व्यायामशिक्षकांनी केळ्यांचं श्रेय घेतलं. मी बटाट्यांना दिलं, कारण ते मी खाल्ले होते.

दादाने मला कपाटातली पेटी आणायला सांगितली. निवृत्त होताना खात्याने त्याला पितळी वजनांची एक पेटी भेट दिली होती, दोन-दोन किलोंची दोन आणि एक किलोचं एक, प्रत्येकावर खात्याचा शिक्का. ती पाचही किलो त्याने मला काट्यावर ठेवायला लावली. काट्याने सहा किलो दोनशे दाखवले.

म्हणजे काटा एक किलो दोनशे जास्त दाखवत होता, आणि दादा गुरुवारी होता तिथेच होता. व्यायामशिक्षकांना तर दुहेरी धक्का बसला. गेली सहा वर्षं त्या काट्याच्या शब्दावर त्यांनी संध्याकाळचं जेवण सोडलं होतं. काटा उचलून ते निघून गेले. मला दादाचा भयंकर राग आला. म्हटलं, कशाला तपासलंस? दोन दिवस आनंदात काढू द्यायचे होतेस आम्हाला.

“सोमवारी काटा दुसरा असेल रे,” तो म्हणाला.

जाता जाता सांगायचं तर त्याच काट्यावर मीही उभा राहिलो होतो. ते जास्तीचे एक किलो दोनशे वजा करूनही मी दोन दिवसांत एक किलो शंभरने वाढलो होतो. देव असला तर त्याला पत्ते नीट वाचता येत नाहीत, एवढंच मी म्हणेन.

दुपारी दादा उशीला टेकून रेसबुक घेऊन बसला. हातात पेन्सिल, शेजारी थंड होत चाललेलं दूध. पाचवी शर्यत हँडीकॅपची होती. मी नेहमीप्रमाणे शेवटून वाचायला लागलो, म्हणजे सगळ्यात हलका घोडा आधी. दादाने मला थांबवलं आणि पेन्सिलीने यादीतल्या सगळ्यात वरच्या घोड्यावर खूण केली. सात नंबर, पाठीवर साठ किलो, अख्ख्या शर्यतीत सर्वांत जड. मी म्हटलं, अरे तीस वर्षांचा सिद्धान्त! तो म्हणाला की एवढं वजन ज्याच्यावर टाकलंय त्याच्यात काहीतरी असेलच ना. मग बराच वेळ तो त्या साठच्या आकड्याकडे बघत राहिला. मला त्याच्या बघण्यात हावरेपणा दिसला, आणि तो दिसल्यावर मी खिडकीकडे तोंड केलं.

रविवारी रेसकोर्सवर जायला बायकोचा सक्त विरोध होता. पण दादा शर्ट घालून, कोट चढवून, दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा तिने थर्मासमध्ये दूध भरलं आणि डब्यात चार बटाटे घातले. आमच्या इमारतीची लिफ्ट दोन महिन्यांपासून बंद आहे, तिच्या दुरुस्तीवर तीन सभा झाल्या आणि चौथी सभा आधीच्या तीन सभांच्या इतिवृत्तावर झाली. त्यामुळे चार जिने दादाला धरून उतरवावं लागलं.

पहिल्या चार शर्यती आम्ही परंपरेला जागून हरलो. पाचवीला दादाने पाकिटात होतं नव्हतं ते सात नंबरवर लावायला सांगितलं आणि कठड्याला धरून उभा राहिला. घोडे सुटले. सात नंबर बराच वेळ मागेच होता. एवढं साठ किलोंचं ओझं, मी मनात म्हटलं, संपलं. पण शेवटच्या वळणावर तो बाहेरून आला आणि एकेकाला मागे टाकत मानेच्या अंतराने जिंकला. दादा हसत होता. तीन महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. माझा हात घट्ट धरून तो एवढंच म्हणत होता, “बघ, आला की नाही? बघ, आला की नाही?”

तिकीट घेऊन मी खिडकीकडे धावलो, तर लाऊडस्पीकरवरून सूचना आली, निकाल जाहीर होईपर्यंत तिकिटं फाडू नका. शर्यत संपल्यावर जॉकीला खोगिरासकट पुन्हा काट्यावर बसवतात. धावताना कुठेतरी कप्पा उघडून शिशाची पट्टी पडली होती. सात नंबर सातशे ग्रॅम कमी भरला. बाद. दुसरा आलेला घोडा पहिला.

माझ्या शेजारच्या माणसाने पंच, जॉकी, घोडा आणि घोड्याची आई अशा सर्वांचा उद्धार केला. मीही त्याच्या सुरात सूर मिळवणार होतो. दादा म्हणाला, वजन कमी ते कमी, निर्णय बरोबर आहे. तो माणूस दादाकडे असा बघायला लागला की मी दादाला तिथून हलवलं. मी मात्र जाताना काचेपलीकडे बघत होतो. तो जॉकी अजून काट्यावरच बसला होता, खोगीर मांडीवर घेऊन, मान खाली घालून. सातशे ग्रॅम शिसं असतं तर जिंकला होता. आणि तिथेच, भर रेसकोर्सवर, माझ्या डोक्यात तो विचार शिरला.

परत येताना दादा टॅक्सीत झोपला. मी एका टायरच्या दुकानासमोर टॅक्सी थांबवली. चाकाचा तोल सांभाळायला तिथे मागून चिकटणाऱ्या शिशाच्या पट्ट्या मिळतात, साठ-साठ ग्रॅमच्या. मी सत्तावीस मागितल्या. टायरवाल्याने विचारलं, कोणती गाडी? मी म्हटलं, जुनी आहे. तो पट्ट्या मोजता मोजता काळजीने म्हणाला की साहेब, जुन्या गाडीला एवढं लावू नका, उगाच ताण येतो. मी पैसे देऊन निघालो.

गुरुवारी दवाखान्यात दादाला थंडी वाजत होती म्हणून नर्सने कोटासकटच वजन केलं होतं, तेव्हा सोमवारीही कोट अंगावर राहणार हा माझा हिशेब. संध्याकाळी दादा पडला होता आणि बायको स्वयंपाकघरात होती, तेव्हा मी कोटाचं अस्तर एका बाजूने उसवलं आणि सत्तावीस पट्ट्या आतून ओळीने चिकटवल्या. चौतीस वर्षं ज्याने असल्या लबाड्या पकडल्या त्याच्याच कोटात. मला स्वतःची शरम वाटत होती आणि हात थांबत नव्हते. टाके मीच घातले. बायकोला सांगितलं नाही, कारण ती सरळ बाई आहे, तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं असतं.

सोमवारी सकाळी बायकोनेच दादाला कोट चढवला, मफलर घातला, पुढून मागून नीट केलं. दादा खूप वाकून चालत होता. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून, तो चार जिने उतरला. चार दिवसांत किती खचला हा, असं मला वाटलं.

दवाखान्यात खिडकीवर सांगितलं की आधी वजनाची चिठ्ठी आणा. वजन करतात तिथे सांगितलं की आधी खिडकीवरून फॉर्म आणा. दोन फेऱ्यांनंतर फॉर्म मिळाला. त्यात ‘कपड्यांसह’ आणि ‘कपड्यांशिवाय’ असे दोन चौकोन होते. मागच्या वेळी कपड्यांसह होतं म्हणून नर्सने यावेळीही तिथेच खूण केली. मी सुटकेचा श्वास टाकला. दादा काट्यावर चढला.

एकोणपन्नास किलो सहाशे.

नर्स खुशीत म्हणाली, अरे वा आजोबा! मी मात्र गोंधळलो. सेहेचाळीस चारशे अधिक माझं शिसं, म्हणजे अठ्ठेचाळीस व्हायला हवे होते. वरचे दीड किलो आले कुठून? आणि खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं की बटाटे लागू पडले. दादा बरा होतोय. त्या एका क्षणासाठी मी आयुष्यातल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी देऊन टाकेन.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दादाचे पाय दाबून बघितले, डोळ्यांखाली बघितलं. म्हणाले, चार दिवसांत तीन किलो मांस चढत नाही, हे अंगात पाणी साचतंय, आणि तसं असेल तर ऑपरेशनचा विषयच संपला. त्यांनी तपासण्यांचा कागद पुढे ओढला.

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी उभा राहिलो, दादाचा कोट उतरवायला लागलो आणि अस्तर उसवून एकेक पट्टी टेबलावर ठेवली. चिकटलेल्या त्या पट्ट्या निघताना चर्र चर्र आवाज करत होत्या. सत्तावीस वेळा. डॉक्टर पेन धरून बघत होते. सत्ताविसावी निघाल्यावर मी मान खाली घालून बसलो, तेवढ्यात बायको उठली. तिने कोटाच्या आतल्या खिशातून हातरुमालात गुंडाळलेला आमच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता काढला आणि पट्ट्यांशेजारी ठेवला.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग दादाने पँटच्या खिशात हात घातला. त्याला ते काढायला जरा वेळ लागला. पेटीतलं एक किलोचं पितळी वजन त्याने टेबलावर ठेवलं, शिक्का वर करून.

नर्स खिडकीकडे वळली.

“तुला कळलं होतं?” मी विचारलं.

“कोट अंगात घातला तेव्हाच,” दादा म्हणाला. “शिसं तुझं, लोखंड हिचं. जिना उतरताना बेरीज केली. पन्नासच्या जवळ जात होती.”

“मग तुझं तरी काढून ठेवायचंस.”

“वाटलं, कमी पडलं तर.” मग तो डॉक्टरांकडे वळला. “मला अजून जगायचंय हो.”

दादाने कोणाकडे काही मागितलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुकानदाराने जास्तीची दिलेली मूठभर भाजी परत करणारा माणूस तो. डॉक्टरांनी रिकामा कोट त्याच्या अंगात चढवला, स्वतः त्याला हाताला धरून काट्याशी नेलं आणि पुन्हा वजन केलं. सेहेचाळीस किलो शंभर. चार दिवसांची केळी, दूध, बटाटे, आणि तीनशे ग्रॅम कमी. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की घरी जा, आराम करा, आता काही पथ्य नाही, आवडेल ते खा. बायकोला त्याचा अर्थ कळला. तिने बत्ता पिशवीत टाकला, पट्ट्या टाकल्या, पितळी वजन रुमालाने पुसून आत ठेवलं, आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर येईपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही.

टॅक्सी इमारतीपाशी थांबली. लिफ्टच्या दारावर अजून तीच पाटी होती. दादा दोन पायऱ्या चढला आणि तिसरीवर बसला. म्हणाला, जरा बसतो, तुम्ही व्हा पुढे. तो उठणार नाही हे मला दिसत होतं. मी खाली वाकलो, एक हात त्याच्या पाठीमागे आणि एक गुडघ्यांखाली घातला आणि त्याला उचललं. लहानपणी तापात त्याने मला असंच दवाखान्यात नेलं होतं असं आई नसलेल्या घरात शेजारच्या बायका सांगायच्या. आता मला धाप लागत होती, पण ती माझ्या स्वतःच्या वजनाची. त्याचं काही जाणवतच नव्हतं. पहिल्या मजल्यावर व्यायामशिक्षकांनी दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि आवाज न करता लावून घेतलं. बायको पिशवी घेऊन मागून येत होती, तिच्या पिशवीतला धातू पायरीपायरीला वाजत होता.

दुसऱ्या मजल्यावर दादाने डोळे उघडले.

“किती भरतोय रे मी?” त्याने विचारलं.

“अठ्ठेचाळीस,” मी म्हणालो.

हातात घेतलेल्या वस्तूचं वजन ग्रॅमपर्यंत सांगणारा माणूस. त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग “बरं” म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. अजून दोन मजले चढायचे होते.